नकाशाच्या नळीत फ्लेक्स

१

गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता हिवरगव्हाण नगरपालिकेच्या मुख्याधिकारी प्रियदर्शनी मॅडमनी पत्र्याची लांब नळी टेबलावर उपडी केली. शहराचा विकास आराखडा बाहेर यायच्या ऐवजी नगराध्यक्ष सुंदररावांचं अर्धं तोंड बाहेर आलं. एक डोळा, अर्धी मिशी, गळ्यात पिवळी शाल. गेल्या वाढदिवसाचा फ्लेक्स मापात कापून कुणीतरी नळीत कोंबला होता. खाली 'विकासपुरुष' या शब्दातली पहिली दोन अक्षरं तेवढी शिल्लक होती.

"बाई, हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"अध्यक्ष हायेत, मॅडम," छबुबाई हळूच म्हणाल्या. "निम्मे."

छबुबाईंचं सगळं बोलणं हळूच असायचं. आवक-जावकच्या टेबलावर चौतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या, त्यालाही पाच वर्षं झाली होती. रेकॉर्ड रूममध्ये काय कुठं आहे हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, म्हणून मॅडमनी त्यांना महिन्याभरासाठी परत बोलावलं होतं. चौतीस वर्षांत त्यांनी अकरा अध्यक्ष पाहिले. अकराव्यापर्यंत येताना त्यांचा आवाज खाली खाली गेला आणि मनातली किळस वर वर आली. हात जोडायची वेळ आली की त्या हात जोडायच्या, पण डोळे टेबलावरच्या शिक्क्याकडे ठेवायच्या.

समोरच्या खुर्चीच्या काठावर अजीज बसला होता. तलवाडा रोडला त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, मागं घर, आणि त्याच जागेत भावकीची आणखी अकरा घरं. सर्व्हे नंबर सत्तेचाळीस. दोन महिन्यांपूर्वी नगरपालिकेच्या सभेनं शहराच्या पुढच्या वीस वर्षांचा नकाशा मंजूर केला, तेव्हा नव्या पाण्याच्या टाकीसाठी आरक्षण पडलं होतं सर्व्हे नंबर एक्केचाळीसवर. ती सुंदररावांची पडीक जमीन. लोकांच्या हरकतींसाठी तोच नकाशा भिंतीवर लागला, तेव्हा टाकी सरकून सत्तेचाळीसवर आली होती. जी टाकी उभारायला दोन-चार वर्षं लागतात, ती शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला एका पंधरवड्यात चालत गेली, आणि एकाही नगरसेवकाला ती रस्त्यात भेटली नाही.

"मॅडम, काल दोन वाजता तुमीच नळी उघडून दाखवलात मला," अजीज म्हणाला. "टाकी एक्केचाळीसवर होती. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या. माझ्या डोळ्यानं पाह्यलं मी."

"मीही पाहिलं. पण उद्या अकराला सुनावणी आहे. समितीपुढे माझे डोळे चालत नाहीत, अजीजभाई. सहीची शीट लागते."

"कॉम्प्युटरात असंल ना."

"कॉम्प्युटरातल्या नकाशात दीड महिन्यापूर्वीच दुरुस्ती झाली आहे. आणि त्याच्यावर सही नसते."

अजीजनं गुडघ्यावरचे हात उचलले आणि परत गुडघ्यावरच ठेवले. "मंग उद्या दुपारपासून माझं घर टाकीखाली."

छबुबाईंनी फ्लेक्सची गुंडाळी केली. "मॅडम, काल नळी उघडली तवा खोलीत कोण कोण होतं?"

"बंकटनं नळी आणली. कलीमनं नकाशा पसरला. धोंडीरामसाहेबांनी समजावून सांगितला. मग बंकटनंच नळी नेऊन ठेवली. पाच वाजता मी रेकॉर्ड रूमला माझं स्वतःचं कुलूप घातलं, ते आज सकाळी मीच काढलं."

"म्हंजी अडीच ते पाच," छबुबाई म्हणाल्या. "आन् काल बुधवार. बारावा दिवस."

मॅडम नवीन होत्या. त्यांना बारावा दिवस म्हणजे काय ते कळलं नाही.

२

हिवरगव्हाणला बारा दिवसांनी पाणी येतं. साठ हजारांच्या शहराला बाराव्या दिवशी पाणी देता देता नगरपालिकेनं गेल्या पाच वर्षांत तीन कमानी, एक कारंजं आणि 'आय लव्ह हिवरगव्हाण' अशी दिव्यांची अक्षरं उभारली. कारंजाला पाणी नाही म्हणून त्यात कुंड्या ठेवल्या आहेत. कर्मचाऱ्यांच्या वस्तीला पाण्याची पाळी आली की दुपारी तीनला नगरपालिका ओस पडते. अर्ज, दाखले, तक्रारी घेऊन आलेले लोक बाकड्यावर बसून राहतात आणि पंखे तेवढे काम करतात.

बंकट रेकॉर्ड रूमचा कारकून. त्याच्या टेबलाच्या बाजूला खिळा, खिळ्याला रेकॉर्ड रूमची किल्ली. शहराच्या पन्नास वर्षांच्या कागदपत्रांची सुरक्षा त्या एका खिळ्यावर होती.

"बाई, मी तीनला घरी गेलतो," बंकट म्हणाला. "समदेच गेलते. तुमाला काय नवीन हाय का."

"किल्ली?"

"खिळ्याला."

"आन् घरी काय केलं?"

"पाणी भरलं की. अजून काय करतेत?" बंकटला प्रश्नाचा राग आला. "माझं घर पाणी सोडायच्या व्हॉलपाशीच हाय, तीन वाजून पाचला आलं पाणी. पहिलं लाल भडक, ते सोडून दिलं. मंग संडासाचा हौद, मंग धुण्याचं टिपाड, मंग आंघोळीचं. शेवटी निवळ झाल्यावर बायकूनं प्यायचं भरलं. सव्वाचारला परत आलो. अंग भिजलं व्हतं, कलीमला इचारा. कावून संशय माझ्यावरच? सासुरवाडीला चौसाळ्याला कळलं तर काय तोंड दाखवू मी?"

"संशय न्हाई बाबा. मी आपलं इचारते."

छबुबाईंना त्याची कीव आली नाही. मॅट्रिकला तीनदा बसलेला हा गडी मेव्हण्याच्या ओळखीनं चिकटला आणि कागदातलं त्याला भिंतीवरच्या पालीइतकंच कळत होतं. पण खोटं बोलायला जी थोडी अक्कल लागते, तीही त्याच्याकडे नव्हती. पाण्याची एवढी बारीक जंत्री मनानं रचणं बंकटच्या आवाक्याबाहेरचं होतं.

"तुमी गेल्यावर हापिसात कोण राह्यलं व्हतं?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"कलीम," बंकट म्हणाला. "एकटाच."

३

कलीम नकाशे काढायचा. कंत्राटी, सहा वर्षांपासून. त्याची गल्ली दुसऱ्या लाइनवर, तिची पाळी शनिवारी. म्हणून काल तो एकटा बसून राहिला. छबुबाई आत गेल्या तेव्हा तो संगणकासमोर हात मांडीवर ठेवून बसला होता.

"मावशी, मला काढणार आहेत," तो म्हणाला. "अध्यक्षांचा माणूस येऊन गेला. म्हणला, नकाशा तूच अजीजला विकला. दुपारी पोलिसात अर्ज देणार हायेत."

"अजीजला? त्याचं घर वाचवणारा कागद हापिसात सुखरूप व्हता, तो त्यानं इकत घेऊन हरवला व्हय?"

कलीम कसनुसा हसला. "त्यांना इतका विचार करायची काय गरज, मावशी?"

"टाकी तू सरकवलीस कॉम्प्युटरात?"

"मीच. धोंडीरामसाहेबांनी तोंडी सांगितलं, दुरुस्ती कर. मी म्हणलं, लेखी द्या. ते म्हणले, कंत्राट कुणाचं संपतंय मार्चला?" त्यानं मान खाली घातली. "सरकवली."

"काल तीननंतर काय ऐकलं?"

"साडेतीनच्या आत रेकॉर्ड रूमचं कुलूप वाजलं. मला वाटलं बंकटभाऊ आले. मी वळून पण पाह्यलं न्हाई."

बाहेर पडवीत सुंदरराव उभेच होते. पांढरा कडक शर्ट, चार माणसं आणि एक हसू. ते हसू निवडणुकीत लावलं होतं, ते अजून काढलं नव्हतं.

"छबुबाई, निवृत्तीनंतर नामस्मरण करायचं सोडून हे काय लावलंय?" ते म्हणाले. "चोर घरातच हाय. चार वाजता मॅडमच्या केबिनला बसू, कलीमच्या नावचा अर्ज मी लिहूनच आणतो. आन् उद्या सुनावणीत सत्तेचाळीस नंबर कायम करू. शहराची तहान मोठी का एकाचं गॅरेज मोठं?"

"बरोबर हाय, अध्यक्षसाहेब," छबुबाई म्हणाल्या आणि त्यांच्या चपलांकडे पाहिलं. चपला पुसायला त्यांनी बरोबर माणूस आणला होता.

आता पाऊण वाजला होता. चारच्या आत तिसरा माणूस गाठायला हवा होता.

४

धोंडीरामसाहेब पाणीपुरवठ्याचे अभियंता. शहरातली प्रत्येक पाइपलाइन त्यांच्या सहीनं जमिनीखाली गेली होती आणि निम्म्या त्यांच्या सहीनंच फुटल्या होत्या. ते राहायचे छबुबाईंच्याच गल्लीत, त्यांच्या घराच्या पुढं चार घरं, लाइनच्या अगदी शेवटाला. केबिनमध्ये ते शेंगदाणे खात होते.

"बसा बाई. तुमची ती चौकशी आली का माझ्यापर्यंत?"

"चौकशी कसली, साहेब. मॅडमनी सांगितलं, सगळ्यांना इचारा. काल तीनला तुमी..."

"घरी. पाण्याचा दिवस ना." साहेबांनी फोलपटं फुंकली. "तीनला गेलो. तीन-दहाला नळाला पाणी, काचेसारखं. पहिल्यांदा प्यायचे दोन हंडे भरून घेतले, मग बाकीचं. मिसेस माहेरी गेल्यात, त्यामुळं सगळं आपल्यालाच करावं लागतं. पावणेचारला परत इथं. झालं समाधान?"

"झालं, साहेब," छबुबाई म्हणाल्या. "लई कष्ट पडले तुमाला."

पडवीत येऊन त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. त्यांची बोटं अजून दुखत होती. काल त्या नळापाशी तीनपासून बसल्या होत्या. चार वाजेपर्यंत नळातून नुसती हवा आली, मग लाल गाळ. निवळ पाणी आलं ते साडेचारला, आणि प्यायचा हंडा त्यांनी भरला पाचला, सगळ्यात शेवटी.

बारा दिवस कोरडी पडलेली लाइन भरत भरत शेवटच्या घराला पोचायला तास लागतो, हे त्या गल्लीतल्या शाळकरी मुलीलाही माहीत होतं. साहेबांना माहीत नव्हतं.

त्या थेट आसारामकडे गेल्या. आसाराम व्हॉलमन. लोखंडी चावी खांद्यावर टाकून शहरभर फिरणारा, शिव्या खाणारा, रोजंदारीवरचा माणूस. सायकलीची चेन बसवत होता.

"आसाराम, धोंडीरामसाहेबांच्या घरच्या नळाची पाळी कवा असती रे?"

आसारामनं इकडंतिकडं पाहिलं. "साहेबांच्या घराला पाळी न्हाई, बाई."

"म्हंजी?"

"मेन लाइनवरून येगळा पाइप हाय. मीच खांदला. चोवीस तास हाय त्यांना." तो आणखी खाली वाकला. "माझं नाव घिऊ नका. उद्याच घरी बसवतेल मला."

"न्हाई घेत. काल व्हॉल सोडल्यावर साहेब दिसले का कुठं?"

"गाडी दिसली. साडेतीनच्या पुढं, स्टँडामागं, टाकीखाली उभी व्हती. मला नवलच वाटलं. त्या टाकीकडं कोण जातंय?"

छबुबाईंनाही नवल वाटलं. मग वाटेनासं झालं.

स्टँडामागची टाकी सात वर्षांपूर्वी बांधली. तिचं उद्घाटन दोनदा झालं. तिच्यात पाण्याचा थेंब कधी चढला नाही, कारण चढला असता तर खालच्या हॉटेलात उतरला असता. कागदावर मात्र ती काठोकाठ भरून, तपासून, ताब्यात घेतली होती, धोंडीरामसाहेबांच्या सहीनं. आता शहर वाढतंय आणि एक टाकी पुरत नाही म्हणून नकाशात दुसरी टाकी दाखवली होती. पाली गावात धरणाच्या काठावर लहानाच्या मोठ्या झालेल्या छबुबाईंना पाण्याची अशी विटंबना पाहून सात वर्षं रोज दिवा लावताना लाज वाटायची. ज्यांना वाटायला पाहिजे होती त्यांना ढेकर यायचा.

त्या मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, चार वाजता तुमी फक्त एक हुकूम द्यायचा. बाकी मी बोलते."

५

चार वाजता केबिनमध्ये सुंदरराव, धोंडीरामसाहेब, बंकट, कलीम आणि अजीज असे पाचजण बसले. कलीमच्या नावाचा अर्ज टेबलावर होता. त्यात 'देशहित' हा शब्द दोनदा आला होता.

"छबुबाई काहीतरी सांगणार आहेत," मॅडम म्हणाल्या.

सगळे पुढं वाकले, कारण नाहीतर ऐकू आलं नसतं.

"बंकट घरी गेला. त्यानं पहिलं लाल पाणी सोडलं, सांडायचं-वापरायचं भरलं आन् प्यायचं शेवटी. साऱ्या गावात असंच भरतेत, निवळ व्हईपर्यंत कुणी हंडा लावत न्हाई. धोंडीरामसाहेब म्हणले, मी तीन-दहाला पहिल्यांदा प्यायचं भरलं, काचेसारखं. त्यांचं घर माझ्या पुढं चार घरं. माझ्या नळाला चारला गाळ आला." त्या साहेबांकडं वळल्या. "साहेब, तुमी काल पाणी भरायला घरी गेलाच न्हवता. आन् पाण्याच्या दिवशी घरात काय चालतं, ते तुमाला माहितच न्हाई. तुमाला रोज पाणी येतं."

बंकटनं मान वर केली. नकाशाचं त्याला काही वाटलं नव्हतं, याचं वाटलं. "रोज?" तो म्हणाला. "साहेब, रोज येतं तुमाला?"

"चुकून बोललो असंल," धोंडीरामसाहेब म्हणाले. "मी काय घड्याळ लावून बसतो का? पाण्यावरून चोर धरायला लागलात का आता? हंड्यावर नकाशा सापडला का तुमाला?"

"न्हाई, नकाशा न्हाई सापडला," छबुबाई म्हणाल्या आणि मॅडमकडं पाहिलं.

मॅडमनी पेन उचललं. "ते राहू द्या. उद्या सुनावणीला सगळं गाव येणार, पाण्यावरून बोलणार. स्टँडामागची टाकी भरून दाखवू. व्हॉलमनला निरोप गेलाय, साडेचारला पाणी चढवायला सुरुवात करा म्हणून."

शेंगदाण्याचं एक फोलपट साहेबांच्या ओठाला चिकटलं होतं, ते हललं.

"नको," ते म्हणाले. "टाकीला गळती हाय."

"तुमच्या सहीचा दाखला आहे माझ्याकडे. काठोकाठ भरून चोवीस तास तपासली, गळती नाही."

"तवा नव्हती. आता हाय. मॅडम, पाणी सोडू नका. आधी मला एकट्याला वर जाऊन बघू द्या. अर्धा तास द्या."

"टाकी भरायच्या आधी बघण्यासारखं वर काय आहे?"

साहेब सुंदररावांकडं बघायला लागले. सुंदररावांच्या चेहऱ्यावरचं निवडणुकीतलं हसू पहिल्यांदा निघालं. खाली जो चेहरा होता तो फार कुणी पाहिलेला नव्हता.

"धोंड्या," ते म्हणाले, "जाळला म्हणला व्हतास ना बे तू?"

आपण काय बोललो ते सुंदररावांना सगळ्यांत शेवटी कळलं.

६

नकाशा कलीम आणि अजीजनं खाली आणला. टाकीत वीतभर धूळ, कबुतरांची पिसं, आणि खताच्या गोणीत चौघडी करून ठेवलेली कापडी शीट. सात वर्षांत त्या टाकीत साठवलेली ती पहिली वस्तू.

"पण जाळला का नाही त्यानं?" टाकीखाली उभ्या राहिलेल्या मॅडमनी विचारलं.

"टाकीच्या बांधकामाची चौकशी अध्यक्षांनी दाबून ठिवलीया. उद्या यांचं बिनसलं तर ती फाईल उघडंल," छबुबाई म्हणाल्या. "मंग यानं काय दाबून धरावं? हा नकाशा. घरी ठिवला तर झडतीत सापडंल. टाकीत कोण बघतंय? शहरात बाराही म्हैने कोरडी राहील अशी तेवढीच एक जागा हाय, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? एकमेकांवर इश्वास ठेवण्याइतके तरी चांगले चोर असावेत का न्हाई?"

शुक्रवारी अकराला सुनावणी झाली. धोंडीरामसाहेबांच्या छातीत पहाटे दुखायला लागलं होतं आणि ते बीडच्या एका दवाखान्यात खासगी खोलीत होते. मॅडमनी पोलिसांत दिलेल्या तक्रारीत सुंदररावांचं ते वाक्य जसंच्या तसं घातलं होतं, 'बे'सकट. तरी सुंदरराव आले. रात्रीतून त्यांनी हसू परत लावून घेतलं होतं.

शीट टेबलावर पसरली. टाकी एक्केचाळीसवर. खाली एकवीस नगरसेवकांच्या सह्या, आणि सगळ्यांत मोठी, सगळ्यांत वर, अध्यक्षांची.

समितीवर बाहेरून आलेल्या वयस्कर अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "ही सही आपलीच ना?"

"माझीच," सुंदरराव म्हणाले. "पण मी न वाचता केली व्हती."

शरमेची गोष्ट होती. पण सभागृहातल्या एकवीसच्या एकवीस माना समजूतदारपणे डोलल्या. मागच्या बाकावरच्या एकानं तर 'बरोबर हाय' असंही म्हटलं. साठ हजार लोकांची पुढची वीस वर्षं त्या कापडावर काढलेली होती, आणि या एकवीसपैकी एकानंही त्याच्यावर सही करण्यापलीकडं काही केलं नव्हतं. छबुबाईंनी चौतीस वर्षं ज्यांच्या पत्रांना आवक क्रमांक दिले, ते हे. त्यांनी पदर सावरला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

अधिकाऱ्यांनी अजीजच्या अर्जावर 'हरकत मान्य, सर्व्हे क्रमांक ४७ वगळणे' असं लिहून सही केली. अजीजनं तो अर्ज दोन्ही हातांत धरून एकदा वाचला, मग कलीमकडून वाचून घेतला. आभार मानायला तो छबुबाईंच्या टेबलापाशी आला. पण आभार मानले नाहीत.

"बाई, हे आता कुठं ठिवणार?"

"रेकॉर्डला."

"त्या खिळ्याच्या भरवशावर?" अजीज म्हणाला. "मला शिक्क्याची नक्कल द्या. मी गॅरेजात ठिवतो, पान्यांच्या पेटीत. तिथं कुलूप हाय."

छबुबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. चौतीस वर्षांत या ऑफिसविषयी इतकं खरं त्यांच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी शाईची डबी उघडली.

"एक न्हाई, बारा घे," त्या म्हणाल्या. "बाराही घरांत एकेक ठिव. आन् कुणी मागायला आलं, तर मला इचारल्याशिवाय दाखवूसुद्धा नको. नगरपालिकेतून आलो म्हणला, तर अजिबात नको."

आणि त्या एकेका कागदावर, नेम धरून, शिक्का मारायला लागल्या.